पद्मिनीत धुराचा वास येतोय? बॉनेट नंतर, आधी डिकी उघडा

लक्षणं

घरी पोचल्यावर बायको म्हणाली, "शर्टाला जुन्या टॅक्सीचा वास येतोय," की समजायचं, सुरुवात झालीय. बाकीची लक्षणं अशी:

- मागच्या सीटवरच्याला वास जास्त, चालवणाऱ्याला कमी.
- सिग्नलला फारसं काही नाही, गाडी पन्नासला लागली की वास. काही गाड्यांचं नेमकं उलटं: चालताना ठीक, सिग्नलला पायाशी गरम, करपट वास.
- मागच्या काचा खाली केल्या की वास कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.
- सकाळी थंड इंजिन सुरू केलं की दोन-तीन मिनिटं टकटक किंवा फसफस, गरम झाल्यावर आवाज गायब.
- पावसाळ्यात डिकीतली मॅट ओली.
- दादरहून ठाण्याला पोचेपर्यंत डोकं जड, डोळे चुरचुरतात, मळमळतं. उतरून चहा घेतला, जरा मोकळ्या हवेत फिरलं की बरं वाटतं.

हे शेवटचं लक्षण असेल तर गाडी आजपासून बंद ठेवा आणि मगच पुढचं वाचा.

माझ्याकडे 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे. तिच्यात हा बिघाड दोनदा झाला, आणि तो काढता आला म्हणून ओळखीतले लोक आपापल्या गाड्या घेऊन यायला लागले. आठ-नऊ गाड्या तरी झाल्या असतील. मी मेकॅनिक नाही, पाने हातात धरता येतात इतकंच. पण या सगळ्या गाड्यांत एक गोष्ट सारखी होती: मालकाने मिस्त्रीकडून आधी सायलेन्सर बदलून घेतला होता आणि वास तसाच होता. कारण प्रश्न दोन आहेत. धूर गळतो कुठून, आणि तो आत शिरतो कुठून? मिस्त्री पहिल्याचं उत्तर शोधतात. दुसरं कोणी शोधतच नाही. गळती अजिबात नसलेली गाडीसुद्धा स्वतःच्या शेपटीचा धूर आत ओढून घेऊ शकते, ते कसं ते खाली येईलच.

वास त्रासदायक, पण मारतो तो वास नसलेला वायू

पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन कार्ब्युरेटरवालं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं विष कमी करणारा डबा) नसलेलं. अशा जुन्या पेट्रोल गाडीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. 3 टक्के म्हणजे 30,000 पीपीएम, दहा लाख भागांत तीस हजार. अमेरिकेतली नायोश ही कामगारसुरक्षेची सरकारी संस्था 1,200 पीपीएमला "जिवाला तत्काळ धोका" म्हणते. म्हणजे पीयूसीत पास झालेल्या गाडीच्या पाइपातून निघणारा धूर त्याच्या पंचवीस पट असू शकतो. बाहेर तो हवेत विरतो म्हणून आपण वाचतो. बंद केबिनमध्ये विरायला जागा नसते.

हा वायू दिसत नाही आणि त्याला वास नाही. आपल्याला येतो तो न जळलेल्या पेट्रोलचा आणि धुरातल्या इतर गोष्टींचा. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट या वायूला धरून ठेवतं, आणि साध्या हवेत श्वास घेऊन तो निम्मा उतरायला चार ते सहा तास लागतात. सकाळी जाताना थोडा, संध्याकाळी येताना थोडा, असा साठत जातो तो.

कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. त्यावर विसंबू नका. या वायूने भरलेलं रक्त आणि ऑक्सिजनने भरलेलं रक्त यातला फरक त्याला कळत नाही, तो आरामात 98 दाखवतो. त्याऐवजी कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दाखवणारा छोटा बॅटरीवरचा मीटर घ्या. घरात भिंतीला लावायचा अलार्म उपयोगाचा नाही, कारण कमी पातळीवर तो तास-दीड तास थांबून मग वाजतो. पडद्यावर आकडा दिसणारा हवा.

पायरी शून्य: वास तुमच्याच गाडीचा आहे का?

हसू नका. सायनच्या सिग्नलला पुढे डंपर, बाजूला टेम्पो, आपल्या काचा खाली. तिथे कुठल्याही गाडीत वास येणारच. रविवारी पहाटे साडेपाचला ऑरेंज गेटहून ईस्टर्न फ्रीवेवर चढा, मीटर मागच्या सीटवर ठेवा आणि चेंबूरपर्यंत एकसारख्या वेगाने जा. सगळ्या काचा बंद ठेवून एकदा, येताना फक्त मागच्या काचा उघड्या ठेवून एकदा. बरोबर एक माणूस घ्या, आकडे त्याने लिहायचे. चालवता चालवता मीटरकडे बघणं हा वेगळाच अपघात. वाटेतल्या बोगद्यात आकडा वर जातो, तो धरू नका.

रिकाम्या रस्त्यावर आकडा शून्याच्या आसपास राहायला हवा. एक-दोन हलला तर ठीक. नऊ-दहाच्या वर टिकून राहिला तर गाडीत दोष आहे. पस्तीस ही नायोशने आठ तासांच्या कामासाठी सुचवलेली मर्यादा. तिथे पोचला की चाचणी संपली, काचा सगळ्या उघडा आणि सावकाश परत या.

आता नाक. वास तीन प्रकारचे असतात आणि त्यांची औषधं वेगळी. कच्च्या पेट्रोलचा वास असेल तर टाकीचा पाइप, झाकण किंवा ओव्हरफ्लो होणारा कार्ब्युरेटर. हा लेख त्यासाठी नाही, आणि ते आगीचं प्रकरण आहे, लगेच दाखवा. तळणीच्या करपलेल्या तेलासारखा वास असेल तर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून ऑइल झिरपून गरम मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणारा बिडाचा भाग) पडतंय. डोळ्यांना झोंबणारा, घशात बसणारा वास म्हणजे धूर. गाडीला सीएनजी किट असेल आणि कुजलेल्या कोबीसारखा वास आला, तर यातलं काहीच करू नका, इंजिन बंद करून अधिकृत सीएनजी केंद्राला कळवा.

फुकटातली तपासणी: काचा आणि शेपूट

गाडी पुढे जाते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. त्या पोकळीत धूर घुटमळत राहतो, गाडीच्या पाठीला चिकटून येतो म्हटलं तरी चालेल. त्याच वेळी मागच्या काचा उघड्या असल्या किंवा पुढचे क्वार्टर ग्लास (दारातल्या छोट्या तिकोनी काचा) उलटे उघडले असले, की केबिनमधली हवा बाहेर खेचली जाते. ती भरून काढायला हवा कुठून तरी आत येणारच, आणि सगळ्यात सोपा रस्ता मागून, डिकीतून. म्हणून "वास आला की काच खाली कर" हा आपला सगळ्यांचा उपाय कधी कधी विष वाढवतो. उघडायच्याच तर पुढच्या काचा उघडा, आणि ताज्या हवेची झडप असेल तर तीही, म्हणजे समोरून हवा आत भरली जाईल.

मग मागे जाऊन वाका. सायलेन्सरच्या पाइपाचं तोंड बंपरच्या बाहेर येतं का? अर्ध्या गाड्यांत येत नाही. एकदा एका दुकानातून "पद्मिनीचाच" म्हणून घेतलेला सायलेन्सर बसवला, तर पाइप बंपरच्या चार बोटं आतच संपला. सगळा धूर डिकीच्या मजल्याखाली. उपाय काय, तर पाइपाचा एक वाढीव तुकडा आणि क्लॅम्प. तोंड किंचित खाली आणि बाहेरच्या बाजूला वळलेलं असावं. पाइप लोंबकळत असेल तर हँगरचं रबर तुटलंय, तेही बदला, नाहीतर हादऱ्याने पुढचा सांधा उघडतो.

डिकी

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवा.

डिकीचं रबर आपल्या हवेत टिकत नाही. खारी हवा, मे महिन्यातलं ऊन, मग चार महिने पाऊस. ते दगडासारखं कडक होतं, कोपऱ्यांत आक्रसतं, आणि दिसायला मात्र शाबूत असतं. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी फाडा, रबरावर ठेवून डिकी बंद करा आणि पट्टी ओढा. अडकत अडकत यायला हवी. सरकन निघाली तर तिथे फट आहे. दर वीतभर अंतरावर हे करत पूर्ण गोल फिरा, खालच्या कडेला विशेष लक्ष द्या, कारण पाइप तिथेच आहे. दुसरी रीत म्हणजे डिकीच्या झाकणाच्या कडेला खडू घासायचा, बंद करून उघडायचं, आणि रबरावर जिथे पांढरी रेघ उमटली नाही ती जागा लिहून ठेवायची.

रबर नवीन घेऊनही फट राहत असेल तर झाकण वाकडं आहे. मागून कधी तरी ठोकलेलं असतं. बिजागऱ्यांचे आणि कुलपाच्या खाचेचे बोल्ट ढिले करून जरा जरा सरकवून बघा. नवं रबर सुरुवातीला डिकी बंद होऊ देत नाही. ते बसायला आठवडा द्या, चिडून कुलूप ढिलं करू नका. मी केलंय ते.

मग मॅट काढा, सगळी. रात्री डिकीत मोठा टॉर्च पेटता ठेवून झाकण लावा आणि बाहेरून, खालून बघा. जिथून उजेड दिसतो तिथून धूर येतो. नेहमीचे गुन्हेगार: टेललॅम्पची वाळलेली पॅकिंग, नंबरप्लेटच्या दिव्याच्या वायरचं हरवलेलं रबर, मजल्यातल्या भोकांची पडून गेलेली बुचं, आणि स्टेपनीखालचा गंज. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर रंगवून विकल्या गेल्या. असे मजले वरून छान दिसतात, खालून स्क्रूड्रायव्हरने टोचलं की पत्रा पापडासारखा फुटतो.

पावसाळ्यात हे काम उलट सोपं होतं. डिकीत पाणी आलं की त्याचा माग काढा. पाणी वरून येतं, धूर खालून ओढला जातो, पण बऱ्याचदा भोक तेच निघतं.

आता मागच्या सीटची पाठ काढा. डिकी आणि केबिन यांच्यात माझ्या गाडीत जाड पुठ्ठा होता, तोही स्पीकरच्या वायरींसाठी कुणी तरी कात्रीने कापलेला. म्हणजे डिकीत शिरलेला धूर थेट मागच्या सीटवरच्या माणसाच्या पाठीशी. तिथे मी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा कापून बसवला, कडेला ब्युटाइल टेप लावली. स्वस्तात सगळ्यात मोठा फरक पडला तो या एका पत्र्याने. पण हे शेवटी करा. आधीच केलं तर डिकीतली फट कळणारच नाही.

भोकं शोधायला लोक उदबत्ती सांगतात. ज्या जागेत पेट्रोलची वाफ असू शकते तिथे मी पेटती उदबत्ती नेणार नाही, तुम्हीही नेऊ नका. त्याऐवजी टिश्यूपेपरच्या बारीक पट्ट्या मागच्या शेल्फच्या आणि सीटच्या फटींवर चिकटवा आणि बरोबरच्या माणसाला चालत्या गाडीत बघायला सांगा. पट्टी आतल्या बाजूला फडफडली तर हवा तिथून येतेय. घरात फुंकणारा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याहून भारी: उभ्या, बंद गाडीत त्याची हवा एका काचेच्या फटीतून आत सोडा, बाकीची फट टॉवेलने बुजवा आणि ओला हात बाहेरून डिकीभोवती फिरवा. गार झुळूक लगेच लागते.

फायरवॉल

सिग्नलला पायाशी वास येणाऱ्यांनी इथे यावं. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायरी, स्पीडोमीटरची केबल, चोकची केबल, पेडल आणि स्टिअरिंगचा दांडा आत येतात. प्रत्येकाला रबर होतं कधी काळी. शिवाय चाळीस वर्षांत कुणी एसी बसवला, कुणी काढला, कुणी हॉर्न बदलला, प्रत्येकाने एक भोक पाडलं आणि तसंच सोडलं. पुन्हा टॉर्च: बॉनेटमध्ये प्रकाश, आपण डॅशबोर्डखाली उताणे. उजेडाचे ठिपके मोजा. माझ्या गाडीत सात निघाले.

वायरीभोवती योग्य मापाचं रबर घाला, रिकाम्या भोकाला रबरी बूच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हे सगळं मिळतं. तो सीएसटी म्हणजे स्टेशन नव्हे, सेंट्रल साल्सेट ट्रामवे. ती रेल्वे केव्हाच गेली, नाव राहिलं. आणि कुर्ल्यातच पद्मिनी बनायची, तेव्हा सुटा भाग तिथे नाही मिळाला तर कुठे मिळणार. एम-सीलने भोकं लिंपू नका. पत्रा हलतो, ते तडकतं, आणि पुढच्या वेळी वायर काढताना तुम्हीच मला शिव्या द्याल.

गळती

आता कुठे इंजिनकडे. रात्रभर उभी असलेली गाडी, उघड्यावर. बंद गॅरेजमध्ये किंवा बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे अजिबात करायचं नाही. एकाने इंजिन सुरू करायचं, दुसऱ्याने हातमोजा घालून ओल्या जाड फडक्याने शेपटीचं तोंड दोन-तीन सेकंद दाबायचं. सांधे नीट असतील तर इंजिन गुदमरायला लागतं. गळती असेल तर फसफस ऐकू येते. हात-दीड हात रबरी नळी कानाशी धरून दुसरं टोक सांध्यांजवळ फिरवलं की जागा नेमकी कळते. सकाळचा थंड इंजिनाचा टकटक आवाज टॅपेटचा समजून लोक टॅपेट सेट करून घेतात. गरम झाल्यावर आवाज जात असेल तर आधी मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर संशय घ्या. तापल्यावर धातू फुगतो आणि फट तात्पुरती मिटते.

इंजिन थंड असताना काजळीचे डाग शोधा. मॅनिफोल्ड जिथे हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) बसतं तिथे, आणि खाली पाइप जिथे मॅनिफोल्डला जोडला जातो तिथे काळा फराटा दिसला की झालं. खालच्या जोडाची पॅकिंग बदलणं घरचं काम आहे. पण गाडी फक्त जॅकवर असताना खाली शिरू नका, स्टँड लावा किंवा खड्डा असलेल्या गॅरेजात जा. सायलेन्सरला बारीक भोक असेल तर एक्झॉस्टची पट्टी गुंडाळून महिनाभर निघतो, त्यापुढे तो बदलाच.

ब्रीदर, म्हणजे जिथे कुणी बघत नाही

सगळं बदललं, तरी पायाशी वास. इंजिन न्यूट्रलला चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा. किटलीच्या तोंडासारख्या वाफा भकाभका येत असतील तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत: सिलिंडरमधला जळका वायू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोय आणि ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडतोय. ही नळी तुटलेली किंवा निसटलेली असली की तो वायू फायरवॉलच्या तोंडाशीच सुटतो. लाखभर किलोमीटर टॅक्सी म्हणून धावलेल्या गाड्यांत हे हमखास. नळी नवी लावून जिथे जायला हवी तिथे नेली की वास थांबतो. इंजिन मात्र थकलेलंच राहतं, त्याचा हिशोब वेगळा.

कार्ब्युरेटरचं मिश्रण पीयूसीच्या मशीनवर आकडा बघत सेट करून घ्या. शेपटीत काळी ओली काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. याने विष कमी होतं, भोक बुजत नाही. म्हणून हे भोकांच्या जागी नव्हे, भोकांनंतर.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

मॅनिफोल्डला तडा असेल, किंवा त्याचा गंजलेला स्टड (हेडमध्ये रुतलेला बोल्ट) पाना लावताच लवायला लागला असेल तर सोडून द्या. हेडमध्ये तुटलेला स्टड काढायला जे लागतं ते आपल्याकडे नसतं, आणि एक पॅकिंग बदलायला जाऊन हेड उतरवावं लागतं. माझा तुटलाय, म्हणून सांगतो.

मजल्याचा पत्रा कुजला असेल तर डेंटरकडेच. वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी आणि मॅट गाडीतून बाहेर काढायला लावा, समोर उभे राहून. "ओलं फडकं टाकतो, काही होत नाही," असं म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊन निघा. वेल्डिंगनंतर सांध्यांवर सीलर आणि खालून रंग, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. रिंगांचं काम, सीएनजीचं काहीही, हेही आपलं नाही.

आणि गाडी चालवताना डोकं गरगरलं, झोप दाटून आली किंवा बरोबरचा माणूस विचित्र बोलायला लागला, तर तिथेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि 108 ला फोन लावा. "बरं वाटतंय आता" म्हणून पुन्हा स्टिअरिंगवर बसू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की गाडीत धूर येत होता, म्हणजे ते बोटाच्या मशीनवर न थांबता रक्त तपासतील. गरोदर बाई किंवा लहान मूल बरोबर असेल तर बरं वाटत असलं तरी दाखवून या.

दुरुस्ती झाल्यावर पुन्हा रविवारची पहाट, पुन्हा तोच फ्रीवे, तेच दोन प्रकार, तोच वेग. आधीचे आकडे लिहून ठेवलेला कागद जवळ असू द्या. माझ्या गाडीत मागच्या काचा उघड्या ठेवून आकडा 22 वरून 1 वर आला, आणि मीटर तेव्हापासून मागच्या शेल्फवरच असतो. दर पावसाळ्यानंतर, दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायच्या आधी, डिकीच्या रबरात वर्तमानपत्राची पट्टी एकदा ओढून बघतो.